कोको क्रेटरची कोरडवाहू बाग: आई-बाबांना न्यावं का, आणि नेलं तर किती वाजता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून आई-बाबांना घेऊन पाच दिवसांसाठी हवाईमधल्या ओआहू बेटावर जाताय. आई सांगलीत घरची बाग सांभाळतात, झाडांचं त्यांना वेड आहे. बाबा 72 वर्षांचे, गुडघे कुरकुरतात. कोको क्रेटर बोटॅनिकल गार्डनमधल्या चाफ्याचे फोटो पाहून आईंनी तिथे जायचंच असं ठरवलंय. पण जाऊन आलेले दोघेतिघे तुम्हाला म्हणाले की तिथे वाळकं गवत आणि काटे सोडून काही नाही, ऊन मरणाचं, अर्धा दिवस फुकट जाईल. त्यात बाबांची शंका, 'लोणारसारखंच ना ते?' तर न्यावं की नेऊ नये, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळचा माण तालुक्यातला, शिक्षण राहुरीच्या कृषी विद्यापीठात झालं. गेली वीसेक वर्षं ओआहूवर आहे, कमी पाण्यावर जगणाऱ्या बागा लोकांना आखून देतो. या क्रेटरमध्ये मी वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी जातो, कधी एकटा झाडं बघायला, कधी पाहुण्यांना घेऊन. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी हे सांगतो की तुम्हाला मिळालेली दोन्ही मतं खरी आहेत. फोटोतला चाफा खरा आणि वाळकं गवतही खरं. एकाच आठवड्यात सकाळी सातला गेलेला माणूस हरखून येतो आणि दुपारी बाराला गेलेला वैतागून येतो. म्हणजे जागा चांगली की वाईट यावर वेळ घालवण्यापेक्षा कुठल्या महिन्यात, किती वाजता आणि कोणाला किती आत न्यायचं, एवढं ठरवा. ते जमलं तर तुमच्या आईंसाठी ओआहूवर याहून चांगली जागा मला सुचत नाही.

बाबांच्या शंकेचं आधी बघू, कारण त्यातून पुढचं बरंच उलगडतं. लोणारचं विवर उल्कापाताचं आहे. आकाशातून अशनी येऊन आपल्या काळ्या बेसाल्टवर आदळला आणि पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. तिथला दगड ज्वालामुखीचा, पण खड्डा ज्वालामुखीचा नाही. कोको क्रेटरचं उलट आहे. इथे खालून वर येणारा तप्त रस पाण्याला भिडला, पाण्याची क्षणात वाफ झाली आणि स्फोटामागून स्फोट होऊन राख उडाली. ती राख तोंडाभोवती साचत गेली, पुढे घट्ट झाली आणि तिचा दगड बनला. भूशास्त्रात अशा टेकडीला टफ कोन म्हणतात. इथे वारा बहुतेक ईशान्येकडून वाहतो. त्यामुळे उडालेली राख नैर्ऋत्येला जास्त साचली आणि त्या बाजूची कड 1,208 फुटांपर्यंत उंच झाली, तर ईशान्येकडची बाजू बुटकी, जवळजवळ उघडीच राहिली. फुटलेल्या वाडग्यासारखा आकार आहे. त्याच फुटलेल्या बाजूने आपण आत जातो. आपल्या दख्खनच्या दगडाचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या घरातलं. त्या हिशेबाने हा क्रेटर अगदी कालचा आहे.

हवाईची मूळ माणसं या टेकडीला कोहेलेपेलेपे म्हणतात. पेले ही त्यांची ज्वालामुखीची देवी, आणि हे नाव तिच्या बहिणीच्या, कापोच्या कथेतून आलंय. पेलेला वाचवण्यासाठी कापोने आपल्या देहाचा एक भाग उडवून इथे टाकला, त्याचा ठसा म्हणजे हा क्रेटर, अशी ती कथा. स्थानिकांसाठी हे ठिकाण कथेतलं आणि श्रद्धेतलं आहे, एवढं मनात असू द्या.

आता कोरडेपणाचं. शाळेत आपण पर्जन्यछाया शिकलो. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत आमच्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. ओआहूवर हाच खेळ आणखी आखूड अंतरात चालतो. ईशान्येचे व्यापारी वारे कोओलाऊ डोंगरावर चढतात आणि तिथेच रिते होतात. मानोआ दरीच्या वरच्या अंगाला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पंधराएक किलोमीटरवर, बेटाच्या आग्नेय टोकाला, डोंगर इतका बुटका होतो की ढग वर चढतच नाहीत. कोको क्रेटरमध्ये मानोआच्या पाचव्या हिश्श्याइतकाही पाऊस पडत नाही. 1958 मध्ये या क्रेटरची सुमारे 200 एकर जागा बागेसाठी राखून ठेवली गेली. तिथे हिरवळ आणि कारंजी करण्याचा विचार कोणी केला नाही. जगभरच्या कोरड्या मुलखातली झाडं इथल्या हवेत जगतील, म्हणून तीच आणून लावली. आज साठेक एकरांवर ही झाडं पसरली आहेत. मी पाहुण्यांना सांगताना 'कोरडवाहू बाग' असंच सांगतो. आपल्याकडच्या माणसाला त्या एका शब्दात सगळं कळतं.

म्हणून ज्यांच्या डोक्यात 'बोटॅनिकल गार्डन' म्हणजे ओलसर हिरवी सावली असते ते इथे हिरमुसतात. तशी बाग हवी असेल तर कानेओहेची होओमालुहिया आहे, कोओलाऊच्या कड्याखाली 400 एकर पसरलेली, किंवा होनोलुलू शहरातली जुनी फॉस्टर बाग आहे. तुमच्याकडे पाच दिवस आहेत, त्यातली एखादी जमवाच. पण ती कोकोची जागा भरून काढणार नाही.

महिन्याबद्दल लिहितो, कारण इथेच आपल्या माणसांची गफलत होते. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. ओआहूच्या या बाजूला पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च, आणि तोही बेताचाच. म्हणजे सांगलीत जेव्हा पेरणीची घाई चाललेली असते तेव्हा इथला उन्हाळा तापायला लागलेला असतो. जूनमध्ये गवत पिवळं दिसणारच. तो हलगर्जीपणा नाही, तो ऋतू आहे. त्याच महिन्यात चाफा मात्र ऐन बहरात असतो. साधारण एप्रिलअखेरपासून सुरू होतो, मे-जूनमध्ये भरात येतो आणि सप्टेंबरपर्यंत टिकतो. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर चाफ्याची नुसती हरणाच्या शिंगांसारखी खोडं दिसतील. मग गवत हिरवं असेल आणि आफ्रिकेच्या भागातल्या कोरफडींना केशरी-लाल तुरे असतील. काही लोक मुद्दाम त्यासाठी जातात. तुमची तारीख चाफ्याची आहे, ती बदलू नका.

चाफा म्हणजे सोनचाफा नव्हे, आपला देवळाजवळचा, कुणी देवचाफा म्हणतं, कुणी खैरचाफा, तो. आपण त्याला इतका आपला मानतो की तो मूळचा मेक्सिको-कॅरिबियनकडचा आहे हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. हवाईमध्येही तो बाहेरूनच आला. विल्हेल्म हिलेब्रँड नावाच्या जर्मन डॉक्टरने 1860 मध्ये तो इथे आणला असं मानतात, आणि आज लेइ म्हणजे फुलांची माळ म्हटलं की जगाच्या डोळ्यांपुढे हेच फूल येतं. याच हिलेब्रँडच्या आवारातून पुढे फॉस्टर बाग उभी राहिली. 1865 च्या सुमारास पिकांवरच्या अळ्या खायला भारतातून साळुंक्या आणल्या त्याही त्यानेच.

प्रवेशाशीच ही चाफ्याची राई आहे आणि तुमच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी सोय. गाडी लावली की थोडं चालून तुम्ही राईत पोचता. पांढरा, पिवळा, गुलाबी, सूर्यास्ताच्या रंगांचा, गडद लाल, असे कितीतरी वाण एका जागी. आईंना नुसते रंग बघून पुढे जाऊ देऊ नका. एखाद्या झाडाखाली थांबून फांदीकडे बघायला सांगा. चाफ्याचा फुलोरा फांदीच्या शेंड्यालाच येतो. फुलोरा आला की त्या फांदीची वाढ तिथेच थांबते आणि खालून दोन-तीन नवे फाटे फुटतात. म्हणून जाड बुंध्यापासून कोवळ्या शेंड्यापर्यंत एकेक फाटा मोजत गेलात तर ती फांदी साधारण किती वेळा फुलली त्याचा हिशेब लागतो. दोन फाट्यांच्या मधे सालीवर अर्धचंद्रासारखे वण दिसतात, ते गळलेल्या पानांचे. जिथे वण दाटीने आहेत तिथे झाडाची वाढ रेंगाळली होती, लांब लांब आहेत तिथे झाड जोमात होतं. मी नव्या मुलांना बागकाम शिकवताना आधी हेच वाचायला लावतो. पान किंवा फांदी मोडून बघू नका. चीक अंगाला लागला तर खाजतो, आणि मुळात बागेतलं काहीच तोडायचं नाही.

एक गंमत आईंना आवडेल. एवढा वास असून या फुलात मध नसतो. संध्याकाळी वास दरवळतो, मोठे पतंग मधाच्या आशेने या फुलावरून त्या फुलावर जातात, हाती काही लागत नाही, पण परागकण तेवढे इकडचे तिकडे होतात.

राईच्या पुढे बोगनवेली लागतात आणि मग वाट क्रेटरच्या पोटात शिरते. पूर्ण फेरी दोन मैलांची, म्हणजे सव्वातीन किलोमीटर. चढ फारसा नाही, पण वाट मातीची आणि खडीची आहे, मधेमधे ओबडधोबड. सपाट सिमेंटची वाट समजून चालू नका, चाकाची खुर्ची आतवर नेणं अवघड आहे. थांबत-बघत दोन तास लागतात. बाबांचे गुडघे किती साथ देतात हे तुम्हालाच माहीत. घरी ते सलग अर्धा तास खडबडीत रस्त्यावर चालत असतील तर निम्मी वाट जाऊन परत यावं. जिन्याला कठड्याचा आधार लागत असेल तर त्यांना चाफ्याच्या राईतच बसू द्यावं. हे मी आडूनआडून सांगत नाही, कारण एकदा मी स्वतः चुकलोय. माझ्या सासूबाईंना जुलैत सकाळी साडेदहाला आत नेलं. क्रेटरच्या मागच्या भागात वारा पडलेला होता, चहूबाजूंनी तापलेल्या भिंती. सावली शोधत परत यायला आम्हाला तासभर लागला आणि त्या दोन दिवस झोपून होत्या. तेव्हापासून साठीपुढच्या कोणालाही मी सकाळी नऊनंतर आत नेत नाही.

उन्हाचं गणित सांगतो. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे आता सगळ्यांना ठाऊक झालाय. सांगलीत तो मेच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. होनोलुलूत तो मेच्या अखेरच्या आठवड्यात आणि परत जुलैच्या मध्यावर येतो, आणि त्या दोन तारखांच्या मधे, म्हणजे तुमच्या जूनमध्ये, भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो. झाडाची सावली झाडाच्या बुडाशी गोळा होते. ज्या बागेत झाडं मुळातच विरळ आणि निम्मी बिनपानांची, तिथे अकरा ते तीन या वेळात बसायला सावली म्हणून मिळत नाही.

मग दोन वेळा उरतात. बाग सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडी असते, प्रवेश फुकट, फक्त नाताळ आणि 1 जानेवारीला बंद. सकाळी साडेसहा-सातला पोचलात तर उजेड कोवळा, खाली पडलेली फुलं ताजी, गर्दी जवळजवळ नाही. दुसरी वेळ चारनंतरची. नैर्ऋत्येची आणि पश्चिमेची कड उंच असल्याने सावली त्या बाजूने हळूहळू तळात उतरायला लागते. पण तोवर दिवसभराची धग दगडात साठलेली असते, आणि दिवसभर फिरून दमलेल्या बाबांना तेव्हा नेणं मला बरं वाटत नाही. कॅलिफोर्नियाहून येणाऱ्यांना पहिले एक-दोन दिवस अशीही पहाटे चारला जाग येते. त्या जागरणाचा उपयोग करा, पहिल्या किंवा दुसऱ्या सकाळीच इथे या.

आत खोलवर, उताराला लागून, या बागेतली एक अशी गोष्ट आहे जी कोणी आणून लावली नाही. विलीविलीची राई. विलीविली हा आपल्या पांगाऱ्याचा सख्खा चुलतभाऊ आणि फक्त हवाईत सापडणारा. बुटका, जाड बुंधा, सालीवर नारिंगी झाक, फांद्यांना काटे. फूल पांगाऱ्यासारखंच वाकड्या नखांचं, पण लालभडक नाही. केशरी, पिवळसर, पांढरट, कधी चक्क हिरवट, आणि शेजारशेजारच्या दोन झाडांचा रंग वेगळा. पांगारा आपल्याकडे थंडी सरता सरता पानं टाकून फुलतो, कारण आपला कोरडा काळ तेव्हा असतो. विलीविली उन्हाळ्यात पानं टाकतो आणि उन्हाळा सरता सरता फुलतो, कारण इथला कोरडा काळ तो. कुळाचा रिवाज एकच, पंचांग मात्र ज्या त्या गावच्या पावसाचं. जूनमध्ये तुम्हाला बहुधा फूल दिसणार नाही, पानं गळायला लागलेली दिसतील. 'झाडं वाळलीत' असं कोणी म्हणालं तर ती हीच झाडं असावीत. ती वाळलेली नाहीत. पान हा पाणी खर्च करणारा अवयव, तो झाडाने बंद ठेवलाय इतकंच.

जुन्या हवाईयन लोकांनी या हलक्या लाकडाच्या लाटांवर स्वार व्हायच्या लांब फळ्या केल्या, होडीच्या बाजूला बांधायचे तरांडे केले, जाळ्याचे तरंगे केले. लाल बियांच्या माळा केल्या. त्यांची एक म्हण आहे, 'पुआ का विलीविली, नानाहु का मानो'. विलीविली फुलला की शार्क चावतो. झाडावरून समुद्राचा काळ ओळखायची ही रीत आपल्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना लगेच कळेल.

ही राई आज उभी आहे याचं मला अजून अप्रूप वाटतं. 2005 मध्ये एक सूक्ष्म गांधीलमाशी ओआहूवर आली, डासाहून लहान. ती पांगाऱ्याच्या कुळातल्या झाडांच्या कोवळ्या पानात अंडी घालते आणि पान फुगून गाठीगाठींचं होतं. मी हातात घेतलेली ती पानं आठवतात, मुठीत चुरगाळलेल्या कागदासारखी. काही महिन्यांत रस्त्याकडेचे परदेशी पांगारे तोडावे लागले आणि विलीविली संपतो की काय अशी भीती होती. त्याच सुमारास ही माशी दक्षिण भारतातल्या पांगाऱ्यांवरही पोचली होती. शास्त्रज्ञ आफ्रिकेत तिचा नैसर्गिक शत्रू शोधत गेले. टांझानियातून आणलेली दुसरी एक गांधीलमाशी, जिच्या अळ्या या गाठींमधल्या अळ्या खातात, तिची नीट पारख करून 2008 मध्ये ती सोडली गेली. त्यानंतर झाडं सावरली. आई तिथवर पोचल्या तर एखाद्या पानावर जुनी गाठ शोधायला सांगा, अजूनही कुठे कुठे दिसते.

आफ्रिका, मादागास्कर आणि अमेरिकेचे भाग एका फेरीत बघायला मिळतात आणि त्यात एक धडा आहे जो पुस्तकात नीट कळत नाही. आपण मराठीत सगळ्याच काटेरी मांसल झाडांना निवडुंग म्हणतो. त्रिधारी निवडुंगही निवडुंग आणि फड्या निवडुंगही निवडुंग. पण त्यांचं एकमेकांशी नातं नाही. फड्या अमेरिकेतला खरा कॅक्टस, त्रिधारी हा युफोर्बिया, एरंडाच्या कुळातला. दोघांनाही पाण्याची टंचाई सोसावी लागली आणि दोघांनी स्वतंत्रपणे खोड फुगवून पाणी साठवायची युक्ती काढली. ओळखायची खूण अशी: कॅक्टसचे काटे मऊ लव असलेल्या छोट्याशा गादीतून झुबक्याने निघतात. युफोर्बियात तशी गादी नसते, काटे धारेवर बहुधा जोडीजोडीने असतात आणि आत पांढरा चीक असतो. तो चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, म्हणून बघायचं ते डोळ्यांनीच. मादागास्करच्या भागात अलुओडिया शोधा. सरळसोट काठी, तिच्यावर काट्यांच्या रांगा आणि काट्यांच्या आड नाण्याएवढी पानं. हे अख्खं कूळच आपल्याला अनोळखी. आफ्रिकेच्या भागात मात्र आई ओळखीचं हसतील, तिथे गोरखचिंच आहे.

आणि एक झाड जे बागेचं म्हणून कोणी दाखवणार नाही, पण मी प्रत्येक मराठी पाहुण्याला दाखवतो. क्रेटरच्या उतारांवर माजलेली चिंचेसारख्या बारीक पानांची झुडपं, चपट्या तपकिरी शेंगांचे घोस लटकलेली. ती सुबाभूळ. मूळची मेक्सिकोकडची, इथे तिला कोआ हाओले, म्हणजे परक्यांचा कोआ म्हणतात (कोआ हे हवाईचं मूळचं झाड). हवाई विद्यापीठात तिचे उंच वाढणारे वाण निवडले गेले, 'हवाईयन जायंट' नावाने ओळखले जाणारे, आणि मणिभाई देसाईंच्या उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने चाऱ्यासाठी आणि जळणासाठी सुबाभूळ महाराष्ट्रात गावोगाव पोचवली. आमच्या बांधावरची सुबाभूळ मी लहानपणी शेळ्यांना तोडून घालायचो. तिचं हे घर मला इथे येऊन कळलं. तिच्या जोडीला किआवे आहे, आपल्या वेड्या बाभळीच्या जवळचा, 1828 मध्ये एका कॅथलिक पाद्र्याने होनोलुलूत लावलेल्या झाडापासून पसरलेला. पायात पातळ चपला घालू नका हे सांगायचं कारण तोच. त्याचा काटा चपलेतून आरपार येतो.

कानही उघडे ठेवा. साळुंक्या आहेतच. लालबुड्या बुलबुलाची शीळ येईल. तित्तराची ती चढत जाणारी आरोळीही या कोरड्या बाजूला ऐकू येते, कारण तित्तरही इथे भारतीय उपखंडातूनच आणले गेले. स्थानिक निसर्गप्रेमींना या पाहुण्यांबद्दल फारसं प्रेम नाही आणि त्यांचं बरोबर आहे, बाहेरून आलेल्या जीवांनी इथल्या मूळच्या पक्ष्यांचं आणि झाडांचं नुकसान केलंय. तरी आईंच्या कानाला पहाटे सांगली ऐकू आली तर त्यांचा आनंद मी समजू शकतो.

आता वाटेचं आणि सोयीचं, पटकन. नकाशावर नुसतं 'कोको क्रेटर' टाकलंत तर फोन तुम्हाला दुसऱ्याच बाजूला, पायऱ्यांच्या पायथ्याशी नेण्याची शक्यता मोठी. दुसऱ्या महायुद्धात माथ्यावरच्या चौकीला सामान चढवायला लष्कराने रूळ टाकले होते, त्यांच्या हजाराहून अधिक लाकडी पट्ट्या आज लोक व्यायामासाठी चढतात. ती जागा वेगळी, बाग वेगळी. मधे अख्खी डोंगराची भिंत आहे. बागेचं पूर्ण नाव टाका. सँडी बीचच्या जवळून केअलाहोऊ रस्त्याने आत वळायचं आणि घोड्यांच्या तबेल्याशेजारी बागेचं तोंड येतं. आत उपाहारगृह नाही, पिण्याचं पाणी मिळेल असं धरून चालू नका. माणशी किमान एक लिटर सोबत ठेवा, आत जाणाऱ्याला दीड. बाबांचं प्रसाधनगृहाचं काम हॉटेलवरूनच उरकून निघालेलं बरं. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, बंद बूट. डासांसाठी मलम. गाडीत डोळ्याला दिसेल असं काही ठेवू नका, बेटावर पर्यटकांच्या गाड्यांच्या काचा फोडण्याचे प्रकार होतात. खाली पडलेलं फूल हुंगा, फोटो काढा, पण बी किंवा फांदी पिशवीत टाकू नका. बागेचा नियम आहेच, शिवाय हवाईहून मुख्य भूमीवर जाताना विमानतळावर कृषी खात्याचे लोक सगळं सामान तपासतात.

बागेला जोडून काय करायचं असंही तुम्ही विचारलं होतंत. साडेनऊला बाहेर पडलात तर हालोना ब्लोहोल (खडकातल्या भोकातून समुद्राचं पाणी उसळतं ती जागा) आणि लानाई लुकआउट (समुद्र बघायची जागा) हे दोन थांबे गाडीतून उतरून पाच मिनिटांचे आहेत, बाबांना सहज जमतील. हनाउमा बे या जवळच्या उपसागरावर जायचं असेल तर दोन दिवस आधी ऑनलाइन जागा राखून ठेवावी लागते आणि सोमवार-मंगळवार ती बंद असते. सँडी बीचवर मात्र आई-बाबांना पाण्यात पाय बुडवायलाही नेऊ नका. तिथली लाट थेट किनाऱ्यावर आपटते, पोहणाऱ्या तरुणांच्याही माना मोडल्या आहेत. लांबून बघा.

म्हणजे माझा बेत असा असता: सातला गाडी लावायची. सगळ्यांनी मिळून चाफ्याची राई, पाऊण तास. मग बाबा तिथेच थांबतील, तुमच्यापैकी एकजण त्यांच्याजवळ. दुसरा आईंना घेऊन आत जाईल, विलीविलीपर्यंत जमलं तर उत्तम, नाहीतर मादागास्करवरून परत. कसंही करून नऊला राईत परतायचं. आधीच्या दोन-तीन दिवसांत जोराचा पाऊस झाला असेल तर आतली वाट चिखलाची होते, तेव्हा फक्त राई करा.

बाबांसाठी एक घडीची खुर्ची तेवढी विकत किंवा भाड्याने घ्या, बेटावर ती सहज मिळते. राईत चांगला डेरेदार चाफा निवडा आणि खुर्ची झाडाच्या पश्चिमेला ठेवा. सकाळची सावली त्याच बाजूला पडते, आणि नऊ वाजेपर्यंत ती बाबांना पुरेल.